ठाण्यात घरच्या घरी स्टीव्हिया: नर्सरीच्या रोपापासून कटिंगपर्यंत

स्टीव्हिया, म्हणजे साखरेऐवजी वापरता येणाऱ्या गोड पानांचं झुडूप, लावायचा म्हणून मी माहिती शोधायला लागले तेव्हा जे मिळालं ते एकतर एकरी उत्पन्न किती आणि भाव किती असं शेतीवाल्यांसाठी होतं, नाहीतर थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं, जिथे बर्फ पडायच्या आधी रोप घरात घ्यायचं असतं. आपल्याकडे थंडीत रोप अगदी छान असतं आणि मरतं ते जुलैत. दमट हवेत, फ्लॅटमध्ये राहून, चार कुंड्यांत हे कसं करायचं ते मला कुठेच सलग वाचायला मिळालं नाही, म्हणून जसं झालं तसं क्रमाने लिहितेय. लांबलंय, पण मधले तपशील गाळले तर उपयोग काय.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आईचे रिपोर्ट आले, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा) ८.२. तिला डायबेटीस बरीच वर्षं आहे, गोळ्या चालू आहेत, गोडधोड ती फार खात नाही, पण चहा मात्र साखर घालूनच आणि दिवसातून चार वेळा. डॉक्टरांनी वहीत हिशोबच मांडून दाखवला. एका कपात दोन चमचे, चमचा ४-५ ग्रॅमचा, म्हणजे फक्त चहातून रोज ३२-४० ग्रॅम साखर. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणतं की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर जास्त चांगलं, आणि हे धडधाकट माणसासाठी. बिनसाखरेचा चहा आईने आठवडाभर घेऊन बघितला, मग तिने चहाच सोडला आणि दुपारी गप्प गप्प राहायला लागली. मला ते बघवेना.

आधी बाजारातली स्टीव्हियाची पाकिटं आणली. गोड लागतात, सोयीची आहेत, पण मागे बारीक अक्षरात वाचलं तर पुडीत स्टीव्हियाचा अर्क अगदी चिमूटभर आणि बाकी सगळा भरणा, कुठे एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो आणखी एक गोड पदार्थ), कुठे लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, कुठे डेक्स्ट्रोज. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच की! तेव्हा पाकीट घेणार असाल तर पुढचं चित्र सोडा आणि मागचे घटक वाचा. तिथून डोक्यात आलं की झाडच लावू या.

लावायच्या आधी डॉक्टरांना परत विचारलं आणि हे सगळ्यांनी विचारावं असं मला मनापासून वाटतं. त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा. तपासून मान्यता मिळालीय ती पानातून काढलेल्या शुद्ध गोड द्रव्यांना, म्हणजे स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्सना. अमेरिकेत २००८ मध्ये, युरोपात २०११ मध्ये आणि आपल्याकडे एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) २०१५ मध्ये ती परवानगी दिली. अख्ख्या पानाचा इतका अभ्यास झालेला नाही, तेव्हा पान वापरायचं तर थोडंच, चहात घालण्यापुरतं. गोळ्या मनाने कमी करायच्या नाहीत, घरच्या मशीनवर शुगर बघत राहायची, आणि बीपीची गोळी चालू असेल तर तेही सांगायचं, कारण जास्त प्रमाणात घेतल्यावर स्टीव्हिओसाइडने (त्याच गोड द्रव्यांपैकी एक) बीपी थोडं उतरल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. झेंडू-शेवंतीच्या कुळातलं झाड आहे, त्यामुळे त्या फुलांची ज्यांना अॅलर्जी आहे त्यांनी जपून. आणि वजन उतरवायला म्हणून असल्या गोड पर्यायांवर भिस्त ठेवू नका असं डब्ल्यूएचओने मे २०२३ मध्ये सांगितलंय, त्यात स्टीव्हियाही येतो. ती सूचना डायबेटीस असलेल्यांसाठी नाही, पण घरातल्या बाकीच्यांनी लक्षात ठेवावी. व्हॉट्सअॅपवर स्टीव्हिया खाऊन शुगर कायमची बरी झाली वगैरे जे फिरत असतं ते वाचून कोणी औषध बंद करेल याची मला खरंच भीती वाटते. स्टीव्हिया साखरेच्या जागी येतो, औषधाच्या जागी नाही.

आता झाडाकडे. मूळचं हे पॅराग्वेतलं, तिथले ग्वारानी लोक पिढ्यान् पिढ्या ही पानं त्यांच्या माते नावाच्या पेयात घालत आले. १८९९ मध्ये मोइसेस बेर्तोनी यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली, १९३१ मध्ये दोन फ्रेंच केमिस्टांनी त्यातलं स्टीव्हिओसाइड वेगळं काढलं आणि १९७०च्या दशकापासून जपानमध्ये ते खाण्यापिण्यात मोठ्या प्रमाणावर वापरलं जायला लागलं. हे सांगायचं कारण एवढंच की झाड उष्ण प्रदेशाच्या कडेचं, दलदलीच्या काठच्या भुसभुशीत वाळूसर जमिनीतलं आहे. त्याला ओल लागते पण पाणी साचलेलं चालत नाही, आणि ठाण्यात नेमकी तीच अडचण.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं, १२० रुपये. बी म्हणजे काळी बारीक काडी आणि टोकाला केसांचा झुपका. त्यात बऱ्याच फिक्या रंगाच्या असतात, त्या पोकळ, उगवत नाहीत. गडद असतात त्यातल्याही थोड्याच उगवतात, कारण या झाडाला स्वतःच्या परागाने बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग किड्यांनी आणावा लागतो. बी मातीत पुरायचं नाही, वर नुसतं पसरून हलकं दाबायचं, उजेड लागतो त्याला. आमच्याकडे पंधरवड्याने मोजकी हिरवी टोकं दिसली आणि ती इतकी सावकाश वाढत होती की डिसेंबर संपला तरी बोटभरही उंची नव्हती. शिवाय बियांच्या प्रत्येक रोपाची गोडी वेगळी निघते. माझं मत विचाराल तर बियांच्या भानगडीत पडूच नका. चांगलं एक रोप घ्या आणि त्याचीच कटिंगं (फांदीचे तुकडे लावून केलेली नवी रोपं) करा, म्हणजे गोडी तीच राहते.

तर नोव्हेंबरअखेर एका रविवारी घोडबंदर रोडला गेलो. तिथे हायवेलगत ओळीने नर्सऱ्या आहेत, पण स्टीव्हिया सगळीकडे नसतो. 'मीठी तुलसी' म्हणून विचारा, लगेच कळतं. एका ठिकाणी मागच्या बाजूला शेडनेटखाली काळ्या पिशव्यांत ठेवलेली होती, ८० रुपयाला एक. दुसऱ्या ठिकाणी तसंच रोप दीडशेला. दोन घेतली. घेताना विचारून एक पान चावून बघा, हाच खरा तपास. गोडी लगेच येत नाही, दोन-तीन सेकंदांनी येते आणि मग जिभेवर बराच वेळ राहते, शेवटी ज्येष्ठमधासारखी कडवट झाक. पान साधारण बोटाच्या दोन पेरांएवढं, समोरासमोर जोडीने येणारं, पुढच्या अर्ध्या भागात कडेला बारीक दाते, हात फिरवला तर किंचित खरखरीत. वास जवळजवळ नाहीच. ज्या रोपाला पांढरी फुलं आलीत ते घेऊ नका, आणि उंच एकदांडी रोपापेक्षा बुटकं पण बुडातून फुटवे आलेलं रोप घ्या.

घरी आणल्यावर चार दिवस पिशवीतच ठेवलं आणि मग दहा इंची ग्रो बॅगमध्ये हलवलं. मिश्रण असं: लाल माती एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, गांडूळखत अर्धा भाग, जाड वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे) अर्धा भाग, आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पाणी दोन-तीनदा बदलून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. खत जास्त नको, फार खतावलेल्या रोपाची पानं मोठी होतात पण गोडी पातळ लागते, निदान आमचा अनुभव तरी तसा. पहिला सगळा खर्च, रोपं, बॅगा, माती, खत, परलाइट धरून, ७०० रुपयांच्या आसपास गेला.

पुढचा प्रश्न जागेचा. आमची बाल्कनी पूर्वेची, सकाळी तीनेक तास ऊन येतं, त्यात रोप जगतं पण लांबुडकं होतं. दाट वाढीसाठी पाच-सहा तास ऊन हवं, म्हणजे गच्ची. बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची, स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं, वरच्या मजल्यावर आधी लीकेज होऊन गेलेलं, त्यामुळे गच्चीत कुंड्या म्हटलं की कमिटी दचकते आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तोंडी विचारलं तर सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, लेखी द्या, मीटिंगमध्ये घेतो." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. दोन प्रती केल्या, एकीवर ऑफिसातून तारखेसह इनवर्डचा शिक्का मारून घेतला, ती प्रत जपून ठेवा. अर्जात नुसतं "झाडं ठेवायची आहेत" असं न लिहिता किती बॅगा, कुठल्या कोपऱ्यात, भिजलेल्या बॅगेचं वजन किती (दहा इंची बॅग साधारण आठ-दहा किलो), खाली स्टँड असणार, पाणी कुठून घेणार, हे सगळं लिहिलं आणि जागेचा फोटो जोडला. डिसेंबरची मीटिंग कोरमअभावी झालीच नाही, म्हणून विषय जानेवारीत गेला, आणि परवानगीचं पत्र हातात पडलं ते जानेवारी संपता संपता. अटी अशा होत्या: सिमेंटच्या कुंड्या नाहीत, बॅगा लोखंडी स्टँडवर म्हणजे खालचा स्लॅब सुकत राहील, पाण्याच्या टाकीपासून आणि पावसाळी पाइपाच्या तोंडापासून लांब, लीकेजची तक्रार आली तर सात दिवसांत हलवायच्या, आणि या परवानगीमुळे गच्चीवर हक्क सांगता येणार नाही. सगळ्या रास्त आहेत. स्टँड फॅब्रिकेटरकडून ९०० रुपयांत करून घेतला, हाच या सगळ्यातला मोठा खर्च.

या मधल्या काळात बाल्कनीत एक नवीनच गोष्ट सुरू झाली. रोपं जेमतेम वीतभर उंच आणि लगेच शेंड्यांना कळ्या. आधी वाटलं रोपाला काही त्रास होतोय. मग वाचल्यावर कळलं की स्टीव्हिया लहान दिवसाचं झाड आहे, दिवस साधारण १३ तासांपेक्षा छोटा असला की ते फुलावर येतं. आता आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरचा तर अकराच तासांचा, म्हणजे जवळपास वर्षभर हे झाड फुलायच्याच मूडमध्ये. फुलं आली की पानांची गोडी उतरते आणि फांदी लाकडासारखी कडक व्हायला लागते. यावर दोन उपाय केले. एक, दर तीन-चार दिवसांनी कळी दिसली की वरच्या दोन पानांसकट शेंडा खुडायचा, त्याने खालून दोन नवे फुटवे येतात आणि झुडूप भरतं. दुसरा, बाल्कनीतला ९ वॅटचा एलईडी बल्ब संध्याकाळी सहा ते दहा चालू ठेवला, महिन्याला जेमतेम एक युनिट जातं. डिसेंबर-जानेवारीत बल्बखालच्या रोपाला कळ्या स्पष्टपणे कमी आल्या आणि पानं मोठी राहिली. गच्चीवर बल्बची सोय नाही, तिथे खुडणं हाच उपाय.

पहिली मोठी तोडणी फेब्रुवारी २०२४ मध्ये. कळ्या अगदी बारीक दिसायला लागलेल्या असतात तेव्हा पान सगळ्यात गोड, त्यामुळे तोच मुहूर्त धरायचा. बुडाशी चार बोटं खोड ठेवून, त्यावर पानाची एखादी जोडी राहील असं बघून फांद्या कापल्या, आदल्या दिवशी पानांवर पाणी मारून धूळ घालवलेली, म्हणजे तोडल्यावर धुवावी लागत नाहीत. वाळवायचं मात्र झटपट. सुती पंच्यावर एका थरात पसरून सावलीत फॅनखाली, दुपारी तासभर हलक्या उन्हात, फेब्रुवारीची कोरडी हवा असल्यामुळे दीड दिवसात पानं चुरचुरीत झाली आणि रंग हिरवा राहिला. रेंगाळलं की काळी पडतात आणि वास बदलतो. वजनात पाचवा हिस्सा उरतो साधारण. काड्यांमध्ये गोडी नगण्य, त्या काढून टाका. पानं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि पूड लागेल तशी दहा-पंधरा दिवसांपुरतीच करायची.

आता चव. सुकं पान साखरेपेक्षा साधारण दहा-पंधरा पट गोड, शुद्ध अर्क दोनशे-तीनशे पट, त्यामुळे अर्काचं माप पानाला लावू नका. आमच्याकडे एका कपाला दोन-तीन सुकी पानं किंवा अगदी चिमूटभर पूड, चहापत्तीबरोबर पाण्यात उकळायची आणि मग दूध. जास्त घातलं की गोडी वाढत नाही, कडवटपणा वाढतो. पहिल्या दिवशी आईने घोट घेऊन कप खाली ठेवला, म्हणाली, "अगं, गोड आहे पण औषध घेतल्यासारखं वाटतंय." मग आलं किंचित जास्त, एक वेलदोडा आणि गवती चहाचं पातं घातलं, ती झाक बऱ्यापैकी झाकली गेली. पंधरवडाभर अर्धी साखर अर्धं स्टीव्हिया असं केलं आणि हळूहळू साखर काढली. एकदम बदलू नका, जिभेला वेळ द्या. आईला दिवसभरात मिळून एक-दीड ग्रॅमच्या वर पूड जात नाही.

सगळ्यात सुंदर लागतं ते आंबट पदार्थांत. एप्रिल-मे मध्ये कैरीचं पन्हं केलं, उकडलेल्या कैरीचा गर, मीठ, वेलची, केशर आणि स्टीव्हियाचं पाणी, घरात कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. कोकम सरबत, लिंबू सरबत तसंच. त्यासाठी एक कप गरम पाण्यात पाव कप पूड रात्रभर भिजवून पातळ कापडातून गाळून फ्रीजमध्ये ठेवते, आठवड्यात संपवते. जिथे साखरेचं किंवा गुळाचं वजन, पाक, चिकटपणा, खरपूस रंग लागतो तिथे मात्र याचा उपयोग नाही. चिक्की, पाकातले लाडू, पुरण, हे विसरा. गोड लिंबाच्या लोणच्यातही नको, तिथे साखर टिकवायचं काम करत असते. श्रीखंडात घालून बघितलं, गोडी आली पण चक्क्याला हिरवट छटा येते आणि पोत सैल राहत नाही, आईला चाललं, मुलांना नाही.

मे मध्ये गच्चीवरचं ऊन फार, दुपारी पानांच्या कडा करपायला लागल्या, तेव्हा ग्रीन नेट बांधलं आणि पाणी सकाळी लवकर. थोडी पांढरी माशी आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला, लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारलं, आणि नंतर दहा-बारा दिवस त्या रोपाची पानं खाल्ली नाहीत.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला घेतलं तो भाग, कटिंग. नर्सरीवाल्याने रोप देतानाच सांगितलं होतं, "मॅडम, बारिश के पहले कलम बना लेना." मे महिन्याच्या मध्यावर बसले. सकाळी ऊन चढायच्या आत, कळी नसलेल्या कोवळ्या पण कणखर फांद्या निवडायच्या. अगदी शेंड्याची लुसलुशीत असेल तर कुजते, बुडाची तपकिरी असेल तर फुटत नाही, मधली हिरवी हवी. आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा, धारदार कात्री स्पिरिटने पुसून, पेराच्या बरोब्बर खाली काप. कारण मुळं पेराशीच फुटतात. खालच्या दोन जोड्या पानं काढायची, वरच्या मोठ्या पानांचा अर्धा भाग कात्रीने उडवायचा म्हणजे पाणी कमी उडतं. चहाचे कागदी कप घेतले, बुडाला भोकं पाडली, धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट निम्मं निम्मं, खत अजिबात नाही. उदबत्तीच्या काडीने आधी भोक पाडायचं, मग काप रूटिंग पावडरमध्ये (मुळं लवकर फुटावीत म्हणून लावायची पावडर) टेकवून आत सोडायचं, थेट खुपसलं तर पावडर वरच पुसली जाते. एक पेर मातीत गेलंच पाहिजे. निम्म्या कटिंगांना पावडर लावली, निम्म्यांना नाही. पावडरवाली लवकर फुटली, पण बिनपावडरचीही बरीच लागली, तेव्हा पावडर नसेल म्हणून अडून राहू नका.

मग सगळे कप एका ट्रेमध्ये, वर पारदर्शक पिशवीचा तंबू, आणि बाल्कनीत उजेड पण ऊन नाही अशा जागी. रोज सकाळी पाच मिनिटं पिशवी उघडायची, आतली वाफ जाऊ द्यायची, पाणी मात्र कोकोपीट दाबल्यावर बोटाला गार लागत असेल तर घालायचंच नाही. पहिले चार-पाच दिवस कटिंग मान टाकतं, घाबरू नका आणि उपटून बघू नका. बारा-पंधरा दिवसांनी शेंड्यात नखाएवढी नवी जोडी उघडताना दिसली की समजायचं खाली मुळं आलीत. तीन आठवड्यांनी कपाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं. त्यानंतर आठवडाभर पिशवी रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवत हवेची सवय करायची. निम्म्याहून जास्त लागली. ग्लासातल्या पाण्यातही मुळं फुटतात, पण ती फार नाजूक, मातीत लावल्यावर बरीच कटिंगं मरतात.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा गच्चीवरच्या मोठ्या रोपांना कमिटीच्या अटीत बसेल असं प्लास्टिकचं छप्पर केलं, मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला, वरची पानं विरळ केली. जून निघाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार-पाच दिवस ठाण्यात जो पाऊस पडतो ना, थांबायचं नावच नाही, तसा झाला, आणि त्यानंतर एका सकाळी रोपं मलूल. माती ओली आणि तरी पानं कोमेजलेली, ही वाईट खूण. वाकून बघितलं तर मातीलगतचं खोड काळपट मऊ, त्याभोवती बुरशीची पांढरी जाळी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे. ही बुडकूज, एकदा खोडाला वळसा पडला की रोप हाती लागत नाही. छप्पर असूनही हवेतलाच दमटपणा एवढा असतो. ती माती दाण्यांसकट पिशवीत बांधून टाकून दिली, ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, तेव्हा दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही. आठ महिने जपलेलं झाड जाताना वाईट वाटलंच. आईने पण गच्चीत येऊन बघितलं आणि काही न बोलता खाली गेली.

पण खाली बाल्कनीत छज्जाच्या आत कटिंगं होती, कपातून पाच इंची कुंडीत हलवलेली, ती सगळा पावसाळा निघाली. लहान कुंडी लवकर सुकते, बुडाशी हवा खेळते, पाणी आपल्या हातात राहतं. त्यामुळे आता मी मोठं रोप वर्षानुवर्षं टिकवायच्या मागे लागत नाही. जमिनीत हे झाड तीन ते पाच वर्षं उत्पन्न देतं म्हणतात, पण आपल्या पावसात कुंडीतलं रोप म्हणजे ऑक्टोबर ते जून असं धरून चालायचं आणि दर मे महिन्यात पुढची पिढी तयार ठेवायची. पावसात पानं नीट वाळतही नाहीत, त्या तीन महिन्यांसाठी मे मध्येच मोठी तोडणी करून बरणी भरून ठेवावी.

सप्टेंबरअखेर कटिंगं परत गच्चीवर गेली, ऑक्टोबरच्या उन्हात भराभर वाढली. कमिटीला परवानगी पुढे चालू ठेवायचा एका ओळीचा अर्ज दिला, या वेळी पुढच्याच मीटिंगमध्ये मंजूर झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आईचा एचबीएवनसी ७.५ आला. त्याचं श्रेय मी झाडाला देणार नाही, मधे डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती आणि आई संध्याकाळी खाली फेऱ्याही मारायला लागली होती. चहातली साखर गेली एवढं मात्र नक्की, आणि चार कप आहेत ते आहेत.

आता बिल्डिंगमधल्या तीन-चार घरांत आमची कटिंगं गेलीत, एक नेरूळला मावशीकडे. लांब न्यायचं असेल तर मुळं फुटलेलं कटिंग कपासकट न्या, कपाच्या वरून ओला टिश्यू आणि सैल पिशवी, आणि ट्रेनमध्ये खिडकीच्या वाऱ्यात धरू नका, पानं लगेच सुकतात. मुळं न फुटलेली फांदी द्यायची असेल तर बुडाला ओला टिश्यू गुंडाळून डब्यात घालून द्या आणि त्याच दिवशी लावायला सांगा, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेली फारशी लागत नाही.